एक शे!

नाशकात कॉलेजची कँटीन चालवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. टेबल पुसलं की फडक्याला लागतात. शिक्षण म्हणाल तर सातवी पास, आठवीत दोनदा मुक्काम. पण गेली तीस वर्षं रोज कॉलेजात जातोय. एवढं तर प्राचार्यही टिकत नाहीत.

सध्या माझं गिऱ्हाईक म्हणजे सटाण्याचे देवरे सर. अहिराणी गाण्यांचा पेपर शिकवतात. वीस पोरं जमली नाहीत तर यंदा पेपर बंद, असं प्राचार्य मॅडमनी सांगितलंय. वर्गाला येते एकच पोरगी. सर चहा गार करत बसतात. मग मी त्यांना हसवायला एकेक सोडतो.

गणिताच्या जोशी मॅडम. जन्म खडूत गेला, आणि वर्गात आला स्मार्ट बोर्ड. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यावर पक्क्या शाईच्या मार्करनं एका पोराच्या गणितावर मोठ्ठं "चूक" लिहिलं. ते काही निघेना. पुढे त्याच बोर्डावर नव्या प्राचार्य मॅडमचा स्वागताचा फोटो लागला. बरोबर कपाळावर, "चूक"!

जोशी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बोर्ड खरंच स्मार्ट आहे हो."

येवल्याच्या एका पठ्ठ्यानं "माझे गाव" हा निबंध एआयकडून लिहून आणला. देवरे सरांनीच तपासला. "काय रे, येवल्याला समुद्रकिनारा कधी आला?"

"सर, एवढं हुशार मशीन म्हणतंय म्हणजे येणार असेल. पाण्याचं तरी मिटेल."

मग क्यूआर कोडची हजेरी आली. वर्गात पडद्यावर कोड लागायचा, एक जण फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, आणि बाकीचे माझ्याकडे मिसळ खात हजर! एक दिवस प्राचार्य मॅडम कँटीनमध्ये उभ्या. "काका, सगळे इथे, मग वर्गात कोण आहे?"

म्हटलं, "सर आहेत ना, मॅडम. त्यांची हजेरी लावा."

ते मॅडमना फार लागलं. नवा नियम निघाला: वर्गात किती जण आहेत ते शिक्षकांनी स्वतः फोनमध्ये बोलायचं, मशीन लिहून घेईल आणि थेट ऑफिसात पोचवेल.

आता देवरे सरांचा बाणा असा, की अहिराणीच्या वर्गात अहिराणीच बोलणार. आणि अहिराणीत "आहे"ला म्हणतात "शे", "आहेत"ला "शेतस". वर्गात ती एकटी पोरगी. सरांनी फोन तोंडाजवळ धरला आणि खरं तेच सांगितलं, "एक शे."

मशीननं लिहिलं, १००.

प्राचार्य मॅडम हरखल्या. वर्ग मोठ्या हॉलमध्ये हलवला, कॉलेजच्या ग्रुपवर अभिनंदन टाकलं. सर घाबरून माझ्याकडे आले. "अण्णा, मी तर एकच म्हटलं होतं. सांगून येतो."

"बसा गुमान. चहा घ्या."

तेवढ्यात पोरं गल्ल्यावर. "काका, अहिराणीला शंभर जण? काय देतात तिथं?"

"मार्क देतात, दुसरं काय? पण तुम्ही नका जाऊ, जागा संपल्यात."

दुसऱ्या दिवशी कँटीन ओस. मी फडकं खांद्यावर टाकून हॉलकडे गेलो, तर दारातसुद्धा पाय ठेवायला जागा नाही. पोरं आली होती मार्कांसाठी. पण सरांनी जात्यावरचं गाणं उचललं, रोज येणारी ती एकटी पोरगी मागून गायला लागली, आणि दुसऱ्या कडव्याला अख्खा हॉल बाकं वाजवायला लागला. पेपर वाचला!

तास संपला. मी दारातून ओरडलो, "सर, हजेरी राहिली!"

एवढ्या गर्दीत सर मोजतात कुठले? फोन तोंडाजवळ धरून एवढंच म्हणाले, "पोरेच पोरे शेतस!"

पाचव्या मिनिटाला प्राचार्य मॅडम धापा टाकत हॉलच्या दारात. हातातल्या फोनवर मशीननं लिहिलेलं, "पोरेच पोरे शेतात".

"सर, कांद्याची सुट्टी कोणी दिली?"