माधवने अंगावर घेतलेली चूक

माधव गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तुमचे बाबा म्हणाले, "बिचारा काका... एका चुकीपायी सगळं आयुष्य गेलं त्याचं." मी फोन ठेवला. त्याला आता सहा आठवडे झाले. ती चूक कोणाची होती, ते तुम्हा नातवंडांसाठी नीट क्रमाने लिहायला हवं.

माधव माझा धाकटा दीर. परदेशी कामं नुकतीच इकडे येऊ लागली होती, त्या वर्षांत आमच्या भागात, चिक्कडपल्लीत, एक ऑफिस निघालं. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून तिथल्या मुली ते टाइप करायच्या. तुमचे आजोबा वारले होते, बाबा इंजिनिअरिंगला. माधव तिथला सर्व्हर सांभाळायचा. त्यानेच मला रेकॉर्ड विभागात लावून घेतलं.

दुसऱ्या वर्षी सर्व्हर अडकू लागला. सकाळी अकराच्या सुमारास मुलींच्या फायली एकदम तयार होऊ लागल्या की सगळे कॉम्प्युटर जागच्या जागी थांबत. माधवने मेमरी वाढवली, डिस्क बदलली, वायरी तपासल्या. मग प्रत्येक विभागात जाऊन, हल्ली काय बदललं, हे विचारलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काही नाही. माझं काम तुला माहीत आहे." खरं तर थोड्याच महिन्यांपूर्वी मी नियम केला होता, मजकुरातल्या प्रत्येक दुरुस्तीची वेगळी फाइल, जुनी पुसायची नाही, आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. मला तो बदल वाटलाच नव्हता. शिस्त वाटली होती.

शेवटी माधव नुसत्या रिकाम्या फायली बनवून बघत बसला. नव्या फोल्डरमध्ये त्या झरझर होत, माझ्या फोल्डरमध्ये एकेक अडखळे. नवं नाव घालण्याआधी मशीन आतली सगळी नावं वाचत होतं, आणि ती लाखाच्या घरात गेली होती. त्याने रोजच्या तारखेचे वेगळे फोल्डर केले. मशीन चालू लागलं. पण तोवर रोजच्या उशिराला कंटाळून, आम्हाला काम देणारं अमेरिकेतलं हॉस्पिटल सोडून गेलं होतं.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "किसकी गलती है, सीधा बोलो."

"मेरी, साब. मेरेकू पैलेच देखना था," माधव म्हणाला.

फायलींच्या त्या नियमाचा कागद माझ्या हातात होता, माझ्याच अक्षरातला. मी त्याची घडी घातली... आणि गप्प राहिले.

त्याला त्याच दिवशी काढलं. बस स्टॉपवर तो म्हणाला, "बोलू नका वहिनी. पोराचं शिक्षण व्हायचंय. मला काय, कुठेही नोकरी मिळेल." मिळाली नाही. त्याच्यामुळे काम बुडालं, हे सगळीकडे पसरलं होतं. पुढची सगळी वर्षं तो सुलतान बाजारातल्या एका वह्यांच्या दुकानात उभा राहिला. तुमचे बाबा सुट्टीत आले की चिडवत, "काका, माझ्या लॅपटॉपला हात लावू नका हं." सगळ्यांत जास्त माधवच हसायचा. मी ताटांत वाढत राहायची.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत मी त्याला म्हटलं, आता मी सगळ्यांना सांगते. तो म्हणाला, "आता कशाला... तुम्ही जेवलात का?"

हे त्याच्या खोलीत बसून लिहिते आहे. दिवसभर उभं राहून त्याचे पाय सुजत, म्हणून संध्याकाळी तो एका लाकडी स्टुलावर पाय ठेवून बसे. तिथला रंग टाचांनी पार गेला आहे. ते स्टूल मी हलवलेलं नाही.

तुम्हाला मराठी वाचायला जड जातं. हे बाबांनाच मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.