हेडफिटर आणि जास्तीचं तेल

हेडफिटर बस डेपोतून निवृत्त झाले, पण हुद्दा काही तिथे ठेवून आले नाहीत. तो त्यांनी घरी आणला आणि हॉलमधल्या सोफ्यावर पाय पसरून बसवला. नळ गळू लागला की प्लंबरने पाना कसा धरावा ते सोफ्यावरून सांगत. पंखा करकरला की मुलाला शिडी आणायला सांगत. स्वतः उठणं हेडच्या कामात बसत नाही. उठायला लागू नये म्हणून तर माणूस हेड होतो.

घर त्यांनी मुलाच्या नावावर करून टाकलं होतं. त्याने फारसं बिघडलं नसतं, पण रोज सून फरशी पुसत पुसत सोफ्यापाशी येई आणि म्हणे, "बाबा, पाय." हेडफिटर पाय वर घेत. फडकं खालून फिरून जाई. "ठेवा," सून म्हणे. हेडफिटर पाय ठेवत. सून वाईट नव्हती. फरशी मात्र तिची होती.

"डेपोत माझ्या शब्दाशिवाय बस हलत नव्हती," ते बायकोला म्हणाले, "आणि इथे पाय हलवायचे ते दुसऱ्याच्या शब्दावर."

"मग पुसा की फरशी तुम्ही. शब्द तुमचा होईल," बायको म्हणाली.

तिला कॉलनी हेडफिटरीण म्हणायची. जन्मभर ती कपड्यांच्या कारखान्यात उभ्याने इस्त्री करत आली, तळव्यांना गाठी आल्या, पण तिला त्यासाठी कोणी हेड वगैरे केलं नाही. नवऱ्याचा हुद्दा मात्र फुकटात मिळाला.

मग एक दिवस हेडफिटरांनी मोटरहोम आणलं. जुनं, डिझेलवर चालणारं. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, ओटा, शेगडी आणि कपाटाएवढी न्हाणी. निवृत्तीचे पैसे त्यात गेले. हेडफिटर त्याला गाडी म्हणत आणि हेडफिटरीण घर म्हणे. त्या गाडीबद्दल दोघांचं कधी एकमत झालं नाही, ते इथूनच.

मुलाने डोक्याला हात लावला.

"बाबा, जुनं इंजिन आहे. कुठेतरी घाटात बसवून ठेवील तुम्हाला."

"मला? इंजिन? मला?" हेडफिटर म्हणाले.

"बरं. मग ठरवून टाकू. इंजिनाने दगा दिला की मला फोन करायचा. मी न्यायला येईन. पण मग ती गाडी भंगारात द्यायची आणि निमूट घरी राहायचं. कबूल?"

"कबूल," हेडफिटर म्हणाले. त्यांनी हातही मिळवला. हेडफिटरिणीने ताटं-वाट्या, घड्या केलेल्या चादरी आणि स्वतःची इस्त्री गाडीत नेऊन ठेवली. परत आणायचं सामान माणूस असं लावत नाही. फळीच्या कडेला पट्टी ठोकून घेतली, वळणावर भांडी पडू नयेत म्हणून. ती पट्टी तिने स्वतः ठोकली. हेडफिटर तेव्हा खुर्चीवरून हातोडा कसा धरावा ते सांगत होते.

आता या गाडीचं इंजिन ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारची सीट यांच्या मधोमध, एका झाकणाखाली होतं. तेल बघायचं तर झाकण काढायला हवं. झाकणावर हेडफिटरिणीने सतरंजी अंथरली होती, सतरंजीवर चहाचे डबे, पाण्याची बाटली, शिवणाची पिशवी. गाडीतली तेवढीच एक सपाट जागा उबदार राहायची. त्यामुळे तेल बघणं म्हणजे आधी संसार उचलणं.

तेल बघण्याच्या बाबतीत हेडफिटर कडक. डेपोत त्यांच्या हाताखालचं एकही इंजिन तहानेने मेलं नाही, असं ते सांगत आणि ते खरं होतं. तिथली रीत अशी. बस आत आली, उतारू उतरले, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की फिटरने त्याच क्षणी तेल मोजायची पट्टी खेचायची, बघायची, तेल ओतायचं. बसला लगेच दुसऱ्या फेरीला जायचं असे. थांबायला वेळ कोणाकडे होता? आणि त्या बसची इंजिनं इतकी झिजलेली की ती डिझेलबरोबर तेलही प्यायची. थोडं जास्त पडलं तरी पुढच्या गावापर्यंत धूर होऊन जायचं. डेपोत एवढंच बघायचे की कमी पडता कामा नये. जास्त पडतं हे तिथे कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यात हेडफिटर पुढे हेड झाले. मग पट्टी खेचायचे दुसरेच. हे फक्त लांबून विचारायचे आणि दुसऱ्याने हो म्हटलं की मान डोलवायचे. पगार मान डोलवण्याचा. तेव्हा पट्टी स्वतःच्या हातात धरल्याला जमाना लोटला होता. तरी पहिल्याच मुक्कामावर त्यांनी गाडी बंद केली आणि सीटवरून न उतरताच हुकूम सोडला.

"अगं, उचल ते डबे. तेल बघायचंय."

"आत्ताच तर थांबलो. हातपाय धुवा, चहा घ्या. तेल काय पळून चाललंय?"

"काम आधी. चहा मागाहून."

"अरे वा," हेडफिटरीण म्हणाली. "घरी असताना ही शिस्त कुठे होती?"

डबे तिनेच उचलले. सतरंजी तिनेच गुंडाळली. हेडफिटरांनी झाकणाच्या क्लिपा काढल्या, चिंधीत धरून पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवं. ते खालच्या खुणेलाही जेमतेम टेकत होतं.

"बघ. प्यायली. मी म्हणत नव्हतो?"

त्यांनी नरसाळं लावून तेल ओतलं. ओततानाची त्यांची ऐट बघण्यासारखी होती. गाडीला नाही, पाहुण्याला वाढत होते.

दुसऱ्या मुक्कामावर तेच. गाडी थांबली, डबे उचलले, पट्टी ओढली, तेल कमी. ओतलं. तिसऱ्या मुक्कामावरही तेच. तेलाचा अख्खा कॅन रिकामा होत आला.

"एवढं तेल जातंय कुठे?" हेडफिटरिणीने विचारलं. "खाली तर थेंब नाही. धूर पण दिसत नाही."

"इंजिनातलं तुला काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर विचारतेय. ज्याला कळतं त्याने सांगावं."

हेडफिटरांनी उत्तराऐवजी आणखी थोडं ओतलं.

इंजिनाने दगा दिला तो घाटात. मुलाचा शब्द इंजिनाने पाळला म्हणायचं. चढावर हेडफिटरांनी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी ओढायला लागली. वर सपाटी आली, पाय काढला, तरी गाडी ओढतच राहिली. आवाज चढत गेला. आरशात बघतात तर मागचा रस्ता निळ्यापांढऱ्या धुरात नाहीसा झालेला. त्यांनी क्लच दाबून, ब्रेक मारत गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवून काढली.

इंजिन बंद झालं नाही. उलट आणखी चेकाळलं. फळीवरची भांडी थडथडायला लागली.

"बंद करा ना," हेडफिटरीण म्हणाली.

"केलीय."

"मग हे काय चाललंय?"

हेडफिटरांनी चावी वर करून दाखवली. चावी हातात, आणि गाडी आपल्या मर्जीने बोंबलतेय. हेडफिटरिणीने चावीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"उतर तू," ते म्हणाले. "लांब जाऊन उभी राहा."

"आणि तुम्ही?"

"मी हेड आहे की नाही? उतर म्हणतो ना."

ती उतरली. हेडफिटर बसून राहिले. एकदाचं त्यांना स्वतः काहीतरी करावं लागणार होतं. आणि त्यांनी ते केलं, हे सांगायला हवं. ब्रेकवर सगळं वजन टाकून उभे राहिल्यासारखे झाले, हँडब्रेक छातीपर्यंत ओढला, गियर सगळ्यात वरचा टाकला आणि अडवलेल्या चाकांचा भार इंजिनावर पडावा म्हणून क्लच सोडला. गाडीने एक जबर गचका खाल्ला, पुढे वाकली, सगळं अंग थरथरलं आणि इंजिन गप्प झालं. आत एक ताट गरगर फिरत होतं, तेवढाच काय तो आवाज राहिला.

हेडफिटर खाली उतरले. रस्त्याच्या कडेच्या दगडावर ते बसले.

"मुलाला फोन कर," ते म्हणाले.

हेडफिटरिणीने पदराने कपाळ पुसलं. "आधी मिस्त्रीला करू."

घाटाखालच्या गॅरेजचा मिस्त्री आला. काटकुळा, कमी बोलणारा, बोलण्यापेक्षा बघणारा. त्याने गाडी दोराने बांधून हळूहळू खाली नेली. पण फोन मुलालाही गेलाच. हेडफिटरांनीच केला. शब्द म्हणजे शब्द. मुलगा आणि सून आपली गाडी घेऊन गॅरेजवर पोचले तेव्हा मिस्त्री मोटरहोमच्या खाली आडवा होता आणि त्याच्या शेजारी ठेवलेलं घमेलं तेलाने काठोकाठ भरलेलं होतं. तरी तेल यायचं थांबत नव्हतं. त्याने दुसरं घमेलं सरकवलं.

हेडफिटर ते बघत होते. डेपोच्या मोठ्या बसमधूनही एवढं तेल निघालेलं त्यांनी बघितलं नव्हतं. मग त्यांना कळलं. जे जन्मभरात कधीतरी कळायला हवं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. इंजिन बंद केल्याबरोबर तेल वरच अडकलेलं असतं. खाली उतरायला त्याला वेळ लागतो. ते उतरण्याआधी पट्टी बघितली की ते कमीच दिसणार. या गाडीचं इंजिन धडधाकट होतं. ते काही पीत नव्हतं. हेडफिटरच पाजत होते. शेवटी पोट भरून वर आलेलं तेल हवेच्या वाटेने आत शिरलं आणि डिझेल बंद केलं तरी इंजिन त्याच्यावरच पळत सुटलं.

मिस्त्री बाहेर आला. हात पुसत हेडफिटरांजवळ उभा राहिला.

"काका, डेपोत होतात म्हणे," तो हळूच म्हणाला.

"हेडफिटर."

"अच्छा. म्हणजे आपल्यातलेच." त्याने घमेल्याकडे बघितलं, हेडफिटरांकडे बघितलं आणि चिंधी खांद्यावर टाकली.

मुलगा जवळ आला. "काय झालंय, मिस्त्री?"

"होतं असं," मिस्त्री म्हणाला. "जुनी गाडी. जुन्या इंजिनाचं काही सांगता येत नाही."

एका फिटरने दुसऱ्या फिटरची चूक गिऱ्हाइकासमोर उघडी पाडायची नाही, ही या धंद्यातली जुनी माणुसकी. हेडफिटरांनी स्वतः ती कितीतरी जणांना दाखवली होती. अर्धवट पिळलेले नट, उलटे बसवलेले पार्ट, सगळं त्यांनी "गाडी जुनी" म्हणून झाकलं होतं. गाड्यांना बोलता येत नाही, ते किती बरं आहे हे फिटरलाच माहीत. आता ती माणुसकी त्यांच्या वाट्याला आली. फुकट, न मागता.

"मी म्हटलं नव्हतं?" मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. "सुटलो म्हणायचं. आई, सामान काढ. मिस्त्री, भंगारवाला ओळखीचा आहे का कोणी?"

"आहे," मिस्त्री म्हणाला.

सून मोटरहोममध्ये चढून मदत म्हणून चादरी गोळा करायला लागली. हेडफिटरीण फळीला ठोकलेल्या पट्टीला धरून उभी होती. ती भांडी काढत नव्हती. तिने फक्त नवऱ्याकडे बघितलं.

हेडफिटरांपुढे हिशोब सरळ होता. गप्प राहिलं की हुद्दा शाबूत. मग सोफा, हॉल आणि फडकं आलं की पाय वर. बोललं की हे चाकांवरचं घर राहील, पण मग डेपोतल्या पोराटोरांनाही कळेल की हेडफिटरला तेल मोजता येत नाही. असा निर्णय घ्यायला हेडफिटर सहसा दुसऱ्या कोणाला तरी पाठवत. इथे पाठवायला कोणी नव्हतं.

"इंजिनाने दगा दिलेला नाही," ते म्हणाले.

"बाबा, आता कशाला—"

"ऐक. तेल मी घातलं. रोज. थांबल्या थांबल्या बघायचो आणि ओतायचो. इंजिनात काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. भंगारात द्यायचंच असेल तर मला दे."

मिस्त्रीने मान खाली घातली. आपण एवढं झाकलं आणि हा म्हातारा उघडं करतोय, हे त्याला फारसं रुचलं नसावं.

बाप चुकला, हे मुलाने आयुष्यात पुष्कळदा बघितलं होतं. बाप तसं म्हणाला, हे नवीन होतं.

"मिस्त्री, खरं काय?" त्याने विचारलं.

"तेल जास्त होतं," मिस्त्री नाइलाजाने म्हणाला. "सोडलंय. त्यात लोखंडाचा कीस नाही, म्हणजे इंजिन आतून शाबूत असावं. हवेचा पाइप धुतो, फिल्टर बदलतो. चालू करून बघू, मग बोला."

त्याने पाइप धुतला, फिल्टर बदलला, नवीन तेल मोजून घातलं. सगळे उभे राहिले. हेडफिटर आत जाऊन बसले आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं, थोडा धूर टाकला आणि मग एका लयीत चालायला लागलं. मिस्त्रीने कान लावला.

"बंद करा."

हेडफिटरांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. हेडफिटरिणीने फळीवरचा हात काढला.

"ठरलं ते इंजिनाने दगा दिला तर," ती मुलाला म्हणाली. "इंजिनाने दिलेला नाही. तुझ्या बापाने दिला. त्याला मी बघते."

मुलाला हसू आलं. "म्हणजे पुढे जायचंच?"

"जायचं. फक्त तेल आता मी बघणार. जन्मभर इस्त्री तापायची वाट बघितलीय मी. थांबणं मला जमतं. डबेही तसे मीच उचलते."

सुनेने गोळा केलेल्या चादरी लगेच पुन्हा झटकून पलंगावर अंथरायला घेतल्या, आधीपेक्षा नीट, कोपरे ताणून. सगळ्यात घाई तिलाच होती. अंथरून झाल्यावर ती खाली उतरली आणि मिस्त्रीचे आभार मानले. मग आपल्या गाडीत बसता बसता पुन्हा एकदा मानले.