धोका टळल्याचा मेसेज

सिंदीतला तो रिचार्जवाला बोलताना समोरच्याकडे कधी बघायचाच नाही. अंगठा मोबाइलवर, आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी, "मी नाई म्हणत, मेसेज म्हणते." रिचार्जच्या वहीत नंबर लिहिला की ते गिऱ्हाईक त्याच्या मेसेजांना कायमचं बांधलं गेलं.

त्या वर्षी पुरानं आधीच माणसं हादरली होती. एका दुपारी त्यानं वहीतल्या सगळ्यांना कळवलं, हिंगणीजवळचं धरण फुटलं. आणि मी शहाणी! पन्नाशीची बाई, नवा मोबाइल मिरवणारी. हिंगणीच्या बहिणीला त्याच्या नावानिशी तोच मेसेज हौसेनं ढकलला. ती बाळंतीण सून आणि आठ दिवसांचं लेकरू घेऊन भर पावसात टेकडीवर चढली.

तासाभरात तलाठ्याकडून कळलं, धरण शाबूत आहे. मी बहिणीला फोन केला.

"तुले काय मालूम वो बाई! त्या दुकानवाल्याचा मेसेज येऊ दे, मंग आम्ही उतरतो."

मी तशीच दुकानात गेले. "खोटं होतं म्हणून लिही!"

"काकू, असं लिहिलं तं उद्या माह्यावर कोन भरोसा ठेवन?"

"लेकरू भिजून राह्यलं तिकडं, मुडद्या!"

तेव्हा कुठे त्यानं लिहिलं, 'धोका टळला. घरी जा.' म्हणजे दुसरं खोटं!

पण तोही मी पुढे ढकलला, आणि बहीण उतरली. दुसऱ्या दिवशी तिनं जीव वाचवल्याबद्दल त्याला पेढे धाडले, माझ्याच हातून. त्यानं डबा उघडून पहिला पेढा मलाच दिला.

आणि मी तो खाल्ला.