वीतभर शेवंती

"मला नका विचारू. हे बसलेत ना, ह्यांना विचारा." एवढं बोलून अक्का हनुवटीनं नवऱ्याकडे दाखवायच्या. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. अक्का हलायच्या नाहीत.

बंगळूरच्या मल्लेश्वरमला त्यांचं कापडाचं दुकान, आणि पायरीशी माझी फुलांची टोपली. माझ्या तोंडून हाक निघत नाही. कुणी आपणहून आलं तरच माझी फुलं खपतात. अक्कांचे यजमान, अण्णा, रोज यायचे, दुकानातल्या देवासाठी शेवंतीचा एक मोळ घ्यायला. इथं माळ मोळानं विकतात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मी मोजलेली माळ अण्णा पुन्हा आपल्या हातावर धरायचे. "काय गं, तुझा हात रोज आखूड होतो का?" त्यांच्या हाताला कुठलीच माळ पुरली नाही. कापड मोजणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मग ते स्कूटरवरून पडले. डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. दुकानात परत आले ते नुसतं "सरी", म्हणजे कानडीतलं "बरं", म्हणणारे. चहा देऊ? सरी. की नको? सरी. लोक त्यांच्यासमोरच अक्कांना विचारायचे, "आता ह्यांना कळतं का काही?" अक्कांची हनुवटी तिकडे वळायची. "त्यांनाच विचारा."

एकदा एक बाई ब्लाउजपीसचा भाव ऐकायला थांबल्या. अण्णांना शब्द सापडेना. बाई निघून गेल्या.

"जाऊ देत," अक्का म्हणाल्या, "त्या उद्या येतील." मग माझ्याजवळ येऊन बसल्या. "उद्यापासून ह्यांना चार बोटं कमी दे."

"देवाच्या फुलांत, अक्का?"

"देवाशी मी बोलते. सगळे ह्यांच्याशी गोड बोलतात गं. गोड बोलण्यानं हे परत यायचे नाहीत. भांडायला काहीतरी पाहिजे."

"आणि कापलेला तुकडा?"

"माझ्या केसात."

फुलं न्यायला त्या अण्णांनाच पाठवायच्या. मी चार बोटं कमी द्यायचे. अण्णा म्हणायचे, "सरी." चार बोटांची तूट वीतभर झाली. देवाच्या तसबिरीवरची माळ एका बाजूनं तोकडी लोंबायची. अण्णा तिच्याकडे बघत बसू लागले.

एका सकाळी ते "सरी" म्हणाले नाहीत. माळ कोपराला लावली, पुढं ओढली. ओठ बराच वेळ हलले.

"काय गं... हात... आखूड झाला तुझा?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या मुद्दाम रस्त्याकडे बघत होत्या. मग मीच ओरडले, शेजारची भाजीवाली वळून बघेल एवढ्यानं, "माझा हात तेवढाच आहे, अण्णा! तुमचाच वाढला!"

ते आत जाऊन मीटरची पट्टी घेऊन आले. मग नजर अक्कांच्या अंबाड्यावर गेली. "आणि तो... तुकडा कुणाचा?"

अक्कांनी शेवंती केसांतून काढून त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या. मोजा." आणि अशा हसल्या की त्यांना पायरीवर बसावंच लागलं.

सगळं परत आलं नाही. नावं अजून सापडत नाहीत, दुपारी ते थकतात. पण भाव तेच सांगतात, सावकाश, आणि एक पैसा सोडत नाहीत.

आता दुकान अण्णांवर सोडून अक्का घरीच असतात, त्यांचं स्टूल रिकामं असतं. अण्णा सकाळी एकटे येतात, मोळ मोजतात, माझ्याशी भांडतात. मग आणखी वीतभर मागतात, घरी अक्कांच्या अंबाड्यासाठी न्यायला. ती मी देईन तेवढी घेतात. ती कधी मोजत नाहीत.