सुईनंतरचा अर्धा तास

रूपचंद डॉक्टर शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचेच. वडील गिरधर पाटलांची केळी आणि कापसाची शेती होती. मुलगा मुंबईहून डॉक्टरकी शिकून आला, तेव्हा शहाद्याला दवाखाना टाक असं सगळेच म्हणाले. त्याने मात्र गावातच, रस्त्यालगतच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत टेबल मांडलं. हे चोपन्न सालचं.

तेव्हा पेनिसिलीनचा नुसता बोलबाला होता. गळू असो, ताप असो, लोक आत येतानाच दंड पुढे करायचे. डॉक्टरांकडे मुंबईहून डॉक्टर लोकांचं एक मासिक टपालाने येई. दवाखाना कसा चालवावा, नवी औषधं कोणती, कुठे काय घडलं, असं सगळं त्यात असे. एका अंकात त्यांनी वाचलं की पेनिसिलीनच्या सुईने काही ठिकाणी माणसं टेबलावरच दगावली. उपायही दिला होता: ही सुई पूर्वी कधी बाधली होती का ते आधी विचारा, सुईनंतर रोग्याला अर्धा तास समोर बसवून ठेवा, सुई बाधलीच तर जीव वाचवणारं ॲड्रिनलीन हाताशी ठेवा, आणि ते उन्हाने तपकिरी झालं तर फेकून द्या.

डॉक्टरांना त्या रात्री झोप लागली नाही. आजवर किती जणांना सुई टोचून तसंच घरी पाठवलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाहेर बाकडं टाकलं आणि नियम केला. ॲड्रिनलीनच्या काचेच्या कुप्या काळ्या कागदात गुंडाळून गार राहाव्यात म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरल्या. वाळू ओली ठेवायचं काम पत्नी जमनाबाईंनी अंगावर घेतलं.

लोकांना हे पटलं नाही. छगन पाटील हे गावातलं मोठं नाव. ते बाकड्यावरून उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, मन्हा वावरमा पाणी चालू शे. सुई दिधी ना? मंग मी आठे काय करू?"

"बसा, दादा. अर्धा तास बसा."

ते बसले नाहीत. पुन्हा आलेही नाहीत. गावात दोधू नावाचा एक जण होता. पूर्वी कुठल्याशा इस्पितळात वॉर्डबॉय होता, आता सायकलला डबा लावून वावरावावरात सुया टोचत फिरे. त्याच्याकडे बाकडं नव्हतं. वर्षभरात निम्मे रोगी त्याच्याकडे गेले. जमनाबाई एकदा म्हणाल्या, "थोडं लवकर सोडलं तर काय होईल?" तोच प्रश्न डॉक्टरांनाही रोज पडत होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जमनाबाई माहेरी धानोऱ्याला गेल्या. त्या दिवसांत ऊन असं होतं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. दुपारी छगन पाटलांची बैलगाडी धावत दवाखान्यापाशी आली. गाडीत दिवलीबाई पडली होती. ती तोरणमाळच्या डोंगरातली, नवऱ्याबरोबर पाटलांच्या केळीत कामाला आलेली. नवरा रायसिंग तिचं डोकं धरून बसला होता. मागोमाग सायकल दामटत दोधू आणि खुद्द छगन पाटील आले.

बाईचे ओठ सुजले होते, अंगावर चट्टे उठले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नाडी बोटाला जेमतेम लागत होती.

दोधू म्हणाला, "डॉक्टर, इले साप चावना."

"कुठे?"

दोधू खाली बघू लागला.

"दोधू, माझ्याकडे बघ. सापाचं औषध वेगळं, याचं वेगळं. साप की सुई?"

दोधूने रायसिंगकडे पाहिलं. रायसिंगच्या कमरेला कोयता होता.

"सुई," तो हळूच म्हणाला. "पायले गळू व्हतं. पयलेबी एक दिधी व्हती, तवय काही नही व्हयनं."

छगन पाटील दारातून म्हणाले, "रूपचंद, हिले शहाद्याले धाडा. आठे मरी गयी तर नाव तुम्हनं व्हई."

"शहादा येईपर्यंत ती उरणार नाही." डॉक्टर बोलत बोलतच माठाकडे वळले होते. वाळूत हात घातला तर ती कोरडी ठणठणीत. जमनाबाई गेल्यापासून पाणी घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं. वरची कुपी काढली, चहासारखी तपकिरी. दुसरी तशीच. तिसरीही. त्यांनी हात आणखी खोल घातला. मग तळाशी, माठाच्या पाझराने थोडीशी ओल राहिलेली, तिथे एक कुपी हाताला लागली. कागद सोडून ती त्यांनी उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ होती.

सुई लावायची उकळलेली पिचकारी तयार होती. सगळं औषध एकदम द्यायचं त्यांनी टाळलं. निम्मं टोचलं, निम्मं पिचकारीत राखलं. दोधूला म्हणाले, "तिचे पाय वर धर. सोडू नको."

श्वास मोकळा झाला. बाईने डोळे उघडले. रायसिंग खाली बसला. पण थोड्याच वेळात तिची मान कलली आणि नाडी पुन्हा बोटाखालून निसटली. डॉक्टरांनी उरलेलं औषध दिलं. आता देण्यासारखं काहीच नव्हतं. सगळे नाडीवरच्या त्यांच्या बोटांकडे बघत होते. दोधूच्या हातांना रग लागली होती, तरी त्याने पाय सोडले नाहीत. छगन पाटील बाहेर बाकड्यावर टेकले होते, त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

नाडी टिकली. ऊन उतरलं तेव्हा बाईने पाणी मागितलं.

तोवर रायसिंगच्या वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन दाराशी जमली होती. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी रायसिंगला साध्या शब्दांत सांगितलं: कोणती सुई होती, काय झालं, दोधू खोटं का बोलला आणि नंतर खरंही त्यानेच सांगितलं. "दोधूला मारून तू तुरुंगात गेलास तर हिच्याजवळ कोण बसेल?" त्यांनी विचारलं. रायसिंगने दोधूच्या सायकलवरचा डबा काढला, पिचकारी उंबऱ्यावर ठेवली आणि कोयत्याच्या मुठीने फोडली. एवढंच केलं.

दोधू गाव सोडून गेला. पुढे दुसऱ्या तालुक्यात तो पुन्हा सुया टोचू लागला, असं ऐकू आलं. ते ऐकून डॉक्टर दिवसभर अस्वस्थ होते.

पावसाआधी दिवलीबाई डोंगरावर परत निघाली. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. पेनिसिलीन पुन्हा टोचलं तर ती वाचणार नव्हती; म्हणून कुठेही कोणी सुई काढली की आधी एक शब्द बोलायचा, एवढं तिला शिकवायचं होतं. तिला तो शब्द जमेना. ती हसायची, तोंडावर पदर घ्यायची. डॉक्टर हसले नाहीत. "पुन्हा म्हण, बाई," ते म्हणत राहिले. शेवटी "पेनसिली नाय" इथवर ती आली, आणि त्यांनी तिला जाऊ दिलं.

त्रेसष्ट साली शहाद्याचे एक डॉक्टर भेटले. बोलता बोलता म्हणाले, "तोरणमाळकडची एक बाई आली होती. मी सुई भरताच तिने माझा हात धरला आणि म्हणाली, पेनसिली नाय. कोणी शिकवलं असेल हो तिला?"

रूपचंद डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, "तब्येत कशी होती तिची?"