मंगळवारच्या गोळ्या

संस्था सोडून सहा महिने झाले होते. खाडीकाठच्या गावांतला आमचा आरोग्य प्रकल्प संपला आणि मी नवीन पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. दाखले टाइप करायचे, फोन घ्यायचे, साडेपाचला घरी. सगळे म्हणायचे, बरं झालं, सुटलीस एकदाची. मला मात्र बसवत नव्हतं. शेअर रिक्षात कोणी खोकलं की किती दिवसांचा खोकला, असं विचारावंसं वाटायचं. घरी आवरलेली भांडी मी पुन्हा आवरत राहायचे.

एका रविवारी मासळी बाजारात गेले, तर माझी नेहमीची कोळीण जागेवर नव्हती. मी तिला मावशी म्हणायचे. उरण रोडकडच्या गावातून ती पहाटेच्या टेम्पोने यायची. प्रकल्पात असताना तिचं ब्लड प्रेशर पहिल्यांदा मीच मोजलं होतं.

शेजारी कोलंबी सोलत बसलेली तिची जाऊ म्हणाली, "परवा हितंच चक्कर येऊन परली. पाटी सगली सांडली. घरी हाय."

मासळी न घेताच मी तिच्या गावची रिक्षा धरली. मावशी ओटीवर बसली होती, कपाळावर टेंगूळ.

"मावशी, गोळ्या घेता ना?"

"घेतंय ना. अर्धी अर्धी."

"अर्धी का?"

"पुरवाया नको? दवाखान्यान मंगलवारी सकाली देतात. तवा मी बाजारान. सुनेला गोल्या आनाया धारलेली, तर म्हनाले, पेशंट आना."

प्रकल्पाच्या शेवटच्या अहवालात या गावापुढे मीच लिहिलं होतं: औषधोपचार नियमित सुरू. गावातला सरकारी दवाखाना, म्हणजे उपकेंद्र, किती वाजता उघडतं हे मी विचारलं होतं. बायका किती वाजता घरी असतात, हे विचारलंच नव्हतं.

त्यानंतर शाळा सुटली की मी त्या गावात जायला लागले. मावशीच्या आळीतल्या मासळी विकणाऱ्या बायकांची सगळ्यांची तीच गत. कुणी अर्ध्या गोळ्यांवर, कुणी बंदच केलेल्या.

"सोडलीस ना ती नोकरी?" नवरा एकदा वैतागून म्हणाला.

"नोकरी सोडली," मी म्हटलं.

उपकेंद्र आठवड्यातून एकदा दुपारी उघडावं, असा अर्ज मी लिहिला. सह्या झाल्या, अंगठे झाले. एका शनिवारी मावशी आणि आणखी चौघी बाजार लवकर आटोपून माझ्याबरोबर आरोग्य अधिकाऱ्यांकडे आल्या.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "कुठल्या संस्थेकडून?"

जुन्या संस्थेचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. "कुठल्याच नाही," मी म्हटलं.

"मग तुमचा संबंध काय?"

हात उगाच पर्समध्ये गेला, तिथे आता ओळखपत्रही नव्हतं. तेवढ्यात मावशी पुढे झाली.

"तिला काय इचारता, साहेब? पेशंट आना म्हनलेले ना? आयलो. आमी पाचीजनी पेशंट."

साहेबांनी त्यांना बसायला खुर्च्या मागवल्या. अर्जावर शिक्का मारून मिळाला.

त्यानंतर दोन महिने काहीच नाही. मी दर आठवड्याला मधल्या सुट्टीत फोन करायचे. "बघतो" हा शब्द ऐकून ऐकून मला घरच्यांवरही चिडायची सवय लागली. शेवटी मार्ग काढला तो उपकेंद्राच्या नर्सताईंनी. मीच गुरुवारी तीन ते पाच थांबते, वरून परवानगी तेवढी आणा, म्हणाल्या. परवानगी आली. पहिल्या गुरुवारी बायका मासळीच्या रिकाम्या पाट्यांसकट रांगेत होत्या. मावशीची पूर्ण गोळी सुरू झाली, पुढे प्रेशरही उतरलं.

वर्षभराने नर्सताईंची बदली झाली आणि गुरुवार बंद पडला. मी पुन्हा अर्ज लिहायला बसले. या वेळी मावशीने सही करण्याआधी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"इनंती कशाला लिवलीस, बाय?" ती म्हणाली. "गोल्या आमच्याच नावाव येतात ना?"

मी तो शब्द खोडला. मग तिने खाली सही केली.