सव्विसावं मत आणि वेदातची दाढ

लेफकोशात, म्हणजे आमच्या राजधानीत, सरकार पडलं की आम्ही बायका आधी शेजाऱ्यांची फाटकं बघतो. कोणाचा नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा थांबला, हे त्यावरून कळतं. उत्तर सायप्रसमध्ये पंतप्रधान बदलला की आधीच्याने नेमलेले खातेप्रमुख घरी बसतात. नोकरी जात नाही, पगार जात नाही, फक्त खुर्ची जाते. कागदावर त्यांना सल्लागार म्हणतात, पण सल्ला कोणी विचारत नाही.

माझा नवरा वेदात पाणीखात्याचा प्रमुख म्हणून चारदा नेमला गेला आणि चारदा सल्लागार झाला. तिकडे पंतप्रधान बदलायचे, इकडे घरी बसलेल्या वेदातच्या हातून माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या जागा बदलायच्या.

खरं सांगायचं तर प्रमुख व्हायची हौस त्याला नव्हतीच. तो मुळात इंजिनियर. गुझेलयुर्तच्या संत्र्यांच्या बागांमधून हिंडायचं, विहिरीत दोरी सोडायची, पाणी जिभेवर ठेवून "मीठ वाढलंय" असं म्हणून वहीत लिहायचं, यात त्याचा जीव रमे. हौस मला होती. इतिहासाची पदवी घेऊन मी घर सांभाळलं, त्यामुळे राजकारण आपल्यालाच कळतं असा माझा समज. आमच्या पंतप्रधानाला जगात एका देशाखेरीज कुणी पंतप्रधान मानत नाही. त्याला परदेशातून पत्र धाडायचं तर पत्त्यात समुद्रापलीकडच्या तुर्कस्तानातलं गाव घालावं लागतं. पण त्याने नेमलेल्या प्रमुखाच्या बायकोला कोपऱ्यावरचा वाणी "या साहेबीणबाई" म्हणून रांगेत पुढे घेतो. मला तेवढी मान्यता पुरे होती.

गेल्या नोव्हेंबरात सरकार पुन्हा पडलं. राष्ट्राध्यक्षांनी नवं सरकार बनवायचं काम नाजींना दिलं. मुदत पंधरा दिवस. पन्नास आमदारांत सव्वीस हवेत, नाजींकडे पंचवीस. नाजी म्हणजे शाळेत वेदातच्या बाकावर बसणारा मुलगा! तो पंतप्रधान झाला की वेदात पाचव्यांदा प्रमुख होणार, हे मी धरूनच चालले. त्याचा कोट धुवायला दिला. नाजींना तीनदा फोन करून "वेदात तयार आहे हं, भाऊजी" असंही सांगितलं. वेदातला मात्र विचारलं नाही. त्यात विचारायचं काय?

बिचाऱ्याला त्याच दिवसांत दाढेने छळलं होतं. रोज दुपारी तो दोन घरं पलीकडे दातांचे डॉक्टर ओक्ताय राहतात त्यांच्याकडे जायचा. मी त्याला मऊ मऊ करून घालत होते. दही घातलेलं सूप, मग मसुरीचं सूप, मग पुन्हा दह्याचं. वेदात मुकाट्याने पीत होता.

गंमत अशी, की हे ओक्तायच अपक्ष आमदार. सव्विसावं मत त्यांचं. आणि मी त्यांच्या घरी जाऊ शकत नव्हते, कारण त्यांच्या बायकोशी, गुल्तेनशी, चार वर्षं माझं बोलणं बंद होतं. माझा कच्च्या अक्रोडांचा मुरंबा विकतचा असतो, असं तिने गल्लीभर सांगितलं होतं. त्या वर्षी तो विकतचाच होता, म्हणून तर जास्त झोंबलं.

बाराव्या दिवशी मी अभिमान गिळला. ऑलिव्ह घालून पाव भाजला आणि गुल्तेनचं दार वाजवलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत घेतलं, कॉफी ठेवली. पावाचा तुकडा मोडून वास घेतला.

"कुठल्या बेकरीचा गं?"

"माझ्या ओव्हनचा. हवं तर हाताला चटका बसलाय तो दाखवते."

"दाखव."

दाखवला. मग ती हसली. एक पाऊल पुढे पडलं असं समजून मी हळूच विषयाला हात घातला. "ओक्ताय भाऊजींचं काय ठरतंय? देश खोळंबलाय म्हणे."

"देश की तू?"

"दोघंही," मी म्हटलं. खोटं किती बोलायचं?

गुल्तेनने कप खाली ठेवला. "मग तू आधी तुझ्या नवऱ्याशी बोल. तो रोज येतो आणि ओक्तायला विनवतो, नाजीला मत देऊ नका म्हणून."

"वेदात? तो दाढेसाठी येतो."

"कसली दाढ? खुर्चीवर आडवा होतो, तोंड उघडतो आणि बोलत सुटतो. परवा ओक्ताय म्हणाले, या माणसाचे दात घोड्यासारखे आहेत. आणि भुकेला किती असतो! काल माझ्याकडे चार कबाब खाऊन गेला."

मला आठवलं, काल रात्री मी त्याला सूप भरवताना "जपून, कोमट आहे" म्हटलं होतं. शंभर पावलांवरची ऊ दिसते अशी माझी ख्याती, आणि समोरच्या ताटात काय चाललंय ते दिसलं नाही.

घरी आले तर वेदात स्वयंपाकघरात अळकुड्या सोलून नळाखाली धूत होता. सोललेल्या अळकुडीला पाणी लावायचं नाही, हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. भाजीची खळ होते. एरवी मी किंचाळले असते.

"दाढ कशी आहे?" मी विचारलं.

"ठणकते थोडी."

"कबाब चावताना?"

त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "गेल्या वेळी गाडी बंद पडली होती असं मी तुला सांगितलं होतं. आठवतं?"

"हो. तू ट्रॅक्टरवरून आलास. अंगाला संत्र्यांचा वास येत होता."

"गाडी चांगली होती. मी विहिरीत दोरी सोडलेली, तेवढ्यात ड्रायव्हरला फोन आला. नवे पंतप्रधान बसले, गाडी परत आण. ड्रायव्हर रडकुंडीला आला बिचारा. 'साहेब, काय करू?' मी म्हटलं, जा. मग त्या शेतकऱ्याने मला संत्र्यांच्या ढिगावर बसवून आणलं. वाटेत प्रत्येक कॉफीच्या दुकानातून लोक हात करत होते. 'झालात का सल्लागार?'" त्याने हात पुसले. "चारदा झालं, एमेते. पाचव्यांदा नाही जमणार मला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कोट धुवायला दिला होतास."

मी चाकू घेतला आणि उरलेल्या अळकुड्या कोरड्याच सोलायला बसले.

ओक्तायने मत दिलं नाही. पण म्हणून काही अडलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी विरोधी पक्षाचा एक आमदार उठून नाजींकडे गेला आणि दुपारपर्यंत मंत्री झाला. एका माणसाची दाढ आणि माझा एक पाव, दोन्ही फुकट गेले. जेवणाच्या वेळी फोन वाजला.

"वहिनी, वेदातला द्या," नाजी म्हणाले. आवाज पंतप्रधानांचा झालाच होता.

मी फोन दिला. एरवी मी कोपरापाशी उभी राहून काय बोलायचं ते पुटपुटत असते. त्या दिवशी ओठ घट्ट मिटले. दोन मिनिटं गप्प राहणं किती अवघड असतं, ते माझ्यासारख्यांनाच कळेल.

"अभिनंदन, नाजी," वेदात म्हणाला. "नको पण. नाही, रागावलो नाही. विहिरींच्या वह्या कार्यालयात आहेत, नव्या माणसाला दे. वाचायला सांग." मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "तुला मागतोय."

"वहिनी, हे काय? परवापर्यंत तुम्हीच फोन करत होतात! समजवा त्याला."

माझ्या डोळ्यांपुढे वाण्याची रांग आली. खोटं कशाला सांगू, अगदी स्पष्ट आली.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते फोन माझे होते. त्याला मी विचारलंच नव्हतं. चूक माझी. तो येणार नाही."

फोन ठेवला त्याक्षणी मला पश्चात्ताप झाला. वेदात बघत होता, मी ओरडते का याची वाट पाहत.

"पुन्हा विचार कर म्हणू का?" मी म्हटलं.

"म्हण."

"नाही म्हणत," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोरचं सूप उचलून परत पातेल्यात ओतलं. "चल, चार कबाब भाजू. माझ्या हातचे कसे लागतात तेही विसरला असशील."